शंभराची पुडी

शंभर वाशरांच्या पुडीत नव्व्याण्णव निघाले तर गिऱ्हाइकाचा फोन येतो. एकशे दोन निघाले तर कुणी अवाक्षर काढत नाही. म्हणून पुडी भरणारा हात नकळत सैल होतो आणि वर्षअखेरीला मालक डोकं खाजवत बसतो की माल गेला कुठे. जबलपुरात रांझीजवळच्या रिछाई औद्योगिक वसाहतीत हा प्रश्न काही आजचा नाही. जबलपूर हे मोठ्या सरकारी कारखान्यांचं गाव : १९०४ सालची गन कॅरेज फॅक्टरी, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत उभी राहिलेली खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी, १९६९ची व्हेईकल फॅक्टरी, जिच्या शक्तिमान ट्रकांवर एक अख्खी पिढी पोसली. त्यांच्या आडोशाला छोट्या छोट्या शेडी वाढल्या. मोठ्या कारखान्यात सुटे भाग मोजायला माणसं, रजिस्टरं आणि सह्या असतात. छोट्या शेडमध्ये एक टेबल, एक परात आणि एक बाई असते.

ती परात आणि ती बाई यांच्या जागी घरच्या घरी केलेलं यंत्र बसवावं का, यावर दोन माणसांना बोलतं केलं आहे. काका तपासणी खात्यातून निवृत्त झालेले. घराणं मूळ विदर्भातलं, पण जन्म, शाळा, नोकरी सगळं रांझीत, त्यामुळे मराठीत हिंदी कधी शिरते ते त्यांनाही कळत नाही. पुतणी गोकलपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकली आणि आता भागीदारीत एक शेड चालवते. दोघंही मी रचलेली पात्रं आहेत. त्यांचं भांडण मात्र रचावं लागत नाही, ते तिथे आयतं मिळतं.

पुतणी : काका, हातानं मोजणं आता बंद. यंत्र करतेय. वरून वाशर पडणार, मध्ये इन्फ्रारेडचा किरण, किरण तुटला की एक. शंभर झाले की झडप बंद आणि पुडी पुढे. स्वस्तातला नॅनो मायक्रोकंट्रोलर बोर्ड, एक एलईडी, एक फोटोट्रान्झिस्टर. एवढंच.

काका : एवढंच कसं? वरून वाशर पडणार म्हणालीस. पाडणार कोण?

पुतणी : कोण म्हणजे? हॉपरमधून पडतील.

काका : हॉपरमधून वाशर पडत नाहीत बेटा, कोसळतात. नाहीतर मुळीच पडत नाहीत, तोंडाशी कमान करून अडकतात. तू दांडा मारणार, मग एकदम चाळीस येणार. तुझा किरण त्या चाळिसांना किती म्हणेल?

पुतणी : एक. फार तर तीन. ते ठाऊक आहे मला, म्हणून तर वाटी करतेय. व्हायब्रेटर बाउल.

मोजणी यंत्राची सगळी मेख काकांनी पहिल्याच प्रश्नात धरली. किरण तुटला की आकडा एकाने वाढवणं हे शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनातलं काम आहे. अवघड काम त्याच्या आधीचं : ढिगातले नग एकामागे एक, अंतर राखून, रांगेत आणायचे. कारखान्यांत हे काम थरथरणारी वाटी करते. वाटी तिरप्या पानपट्ट्यांच्या स्प्रिंगांवर उभी असते, खाली विद्युतचुंबक. घरची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, पण चुंबक प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला ओढतो, म्हणजे सेकंदाला १०० झटके. मध्ये डायोड घातला तर ५०. स्प्रिंगा तिरप्या असल्यामुळे वाटी नुसती वरखाली होत नाही, जराशी पिळतेही. प्रत्येक झटक्याला नग केसभर उडून किंचित पुढे पडतो आणि असं करत करत वाटीच्या आतल्या कडेची गोल चढण चढून वर येतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, वाशरांना पाय फुटले.

काका : वाटी कशाची केलीस?

पुतणी : स्टीलचं पातेलं. आत पत्र्याची पट्टी गोल वळवून चिकटवली, तीच चढण. स्प्रिंगेला हॅकसॉची जुनी पानं, जोडी जोडी करून. चुंबक भंगारातल्या कॉन्टॅक्टरचा. चालते काका! अगदी झकास चालते.

काका : भरलेली झकास चालते का रिकामी?

पुतणी : म्हणजे?

काका : स्प्रिंगेवर वजन ठेवलंस की तिची स्वतःची एक चाल ठरते. वजन कमी झालं की चाल बदलते. वाटीची चाल विजेच्या चालीशी जवळ जवळ जुळवलेली असते, म्हणून तर एवढ्याशा चुंबकानं एवढा उड्या मारते. अर्धे वाशर गेले की वजन उतरलं, जुळणी बिघडली. आता ती एकतर सुस्त होणार, नाहीतर वाशर चण्यासारखे उडवणार. आणि संध्याकाळी रांझीत सगळ्यांचे कूलर सुरू झाले, व्होल्टेज उतरलं, की?

पुतणी : मग वाटी जड करायची. पातेलं आणि तळाची प्लेट मिळून एवढं वजन ठेवायचं की वाशरांच्या मूठभर फरकानं काही बिघडू नये. आणि थोडे थोडेच वाशर टाकत राहायचे. व्होल्टेजला डिमर आहे.

काका : डिमर फिरवायला माणूस?

पुतणी : काका!

इथे मी पुतणीच्या बाजूचा. जड वाटी आणि थोडा थोडा भरणा हा घरगुती यंत्रासाठी पुरेसा इलाज आहे. काकांना तो पटला, पण पटल्याचं ते बोलून दाखवत नाहीत. तपासणी खात्यात उभा जन्म काढलेला माणूस होकार रकान्यात भरतो, तोंडानं देत नाही.

काका : बरं, आले वर रांगेत. आता किरण. कुठला नग आहे?

पुतणी : एम-फोरचा साधा वाशर. बाहेरून ९ मिलिमीटर, आत ४.३ मिलिमीटरचं भोक, जाडी ०.८. चढणीच्या टोकावरून दहा सेंटिमीटर खाली पडेल, तिथे किरण. दहा सेंटिमीटर पडल्यावर वेग सेकंदाला १.४ मीटर. किरणाला एक मिलिमीटरची फट ठेवलीय. वाशर आडवा पडला तर सव्वा मिलिसेकंद किरण बंद, उभा पडला तर सात मिलिसेकंद. नॅनोला सात मिलिसेकंद म्हणजे युग. चुकायचं कारणच नाही.

काका : वाशरला भोक असतं ते धरलंस का?

पुतणी थांबली. थांबण्यासारखंच होतं. उभा पडणारा वाशर किरणाकडे तोंड करून आला तर आधी कडा किरण तोडते, मग ४.३ मिलिमीटरच्या भोकातून किरण आरपार जातो, मग दुसरी कडा पुन्हा तोडते. यंत्राच्या लेखी दोन नग गेले. हिशेब करून पाहा : एक मिलिमीटरचा किरण त्या भोकातून सुमारे अडीच मिलिसेकंद मोकळा राहतो, आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या मानानं हा चांगला ऐसपैस वेळ आहे. यंत्र जितकं चपळ, तितकं इथे खात्रीनं फसणार.

पुतणी : लॉकआउट ठेवीन. एकदा किरण तुटला की पुढचे दहा मिलिसेकंद काहीही झालं तरी मोजायचं नाही.

काका : आणि त्या दहात खरंच दुसरा आला तर?

पुतणी : सेकंदाला दहा सोडणार आहे. दोघांत शंभर मिलिसेकंदांचं अंतर. कसा येईल?

काका : सरासरी शंभर. सरासरीवर पुडी भरते का? कसेही पडू दिले तर सेकंदाला दहाच्या हिशेबानं दर दहांतला जवळजवळ एक नग आधीच्याच्या दहा मिलिसेकंदांच्या आत येतो, तुला संभाव्यतेच्या तासाला शिकवलं असेल. म्हणजे शंभराच्या पुडीत नऊ-दहा नग फुकट गेले.

पुतणी : कसेही पडू दिले तर! म्हणून तर वाटी, म्हणून तर रांग. रांगेतून पडणारे कसेही पडत नाहीत.

काका : मग तुझं यंत्र किरण नाही. तुझं यंत्र वाटी आहे.

हे वाक्य मला जसंच्या तसं मान्य आहे, आणि बहुतेक घरगुती मोजणी यंत्रांची माती याच ठिकाणी होते. करणारा माणूस इलेक्ट्रॉनिक्सवाला असतो, त्याला प्रोग्रॅम लिहायची हौस. वाटी, पट्टी, चढणीचा उतार हे त्याला लोहारकाम वाटतं. मग तो सेन्सर बदलत बसतो. एकाऐवजी तीन किरण लावतो, टीव्हीच्या रिमोटचा रिसीव्हर लावून पाहतो. तो रिसीव्हर तुटक तुटक इशाऱ्यांसाठी बनवलेला. सतत येणाऱ्या प्रकाशाला तो गोंगाट समजतो आणि स्वतःचे कान बंद करून घेतो. मग कुणीतरी डोक्यावरची ट्यूब लावतं, ती सेकंदाला शंभरदा लुकलुकते आणि वाशर नसतानाही आकडा पळू लागतो. हे सगळे रोग काळी नळी आणि अरुंद फट यांनी बरे होतात. रांग नसण्याचा रोग मात्र कुठल्याही सेन्सरनं बरा होत नाही.

पुतणीनं नंतर रचना बदलली. वाशर पाडायचेच नाहीत. चढणीच्या टोकाला गुळगुळीत घसरगुंडी, वाशर त्यावरून आडवे सरकत जातील आणि किरण त्यांच्या मधोमध न जाता कडेजवळून, भोक चुकवून जाईल. एका वाशरला एकच खंड. चढणीवर सव्वा मिलिमीटर उंचीवर एक आडवी पट्टी, म्हणजे एकावर एक बसून आलेल्या जोडीतला वरचा पट्टीला अडून खाली वाटीत परततो. पंच्याण्णव झाले की वाटीचा जोर कमी करायचा, शेवटचे पाच सावकाश येऊ द्यायचे, नाहीतर झडप पडेपर्यंत एकशे एकावा आत उडी मारतो. ही शेवटची युक्ती पीठ किंवा सिमेंट भरणारी यंत्रंही वापरतात : आधी धो धो, शेवटी थेंब थेंब.

काका : तेलानं चिकटलेले?

पुतणी : पट्टी उडवेल.

काका : पट्टी सुटे उडवते. तेलाची जोडी घट्ट बसली असेल तर पट्टीशी जाऊन अडकेल, मागची रांग थांबेल. नाहीतर पट्टी जराशी झिजली की सरकन खालून निघेल, आणि तुझा किरण म्हणेल एक. आडव्या जोडीची लांबी एकाएवढीच असते ना?

पुतणी : तेवढीच. आधी धुऊन घ्यावे लागतील.

काका : आता माझं यंत्र सांगू? त्याला वीज लागत नाही.

काकांचं यंत्र म्हणजे एक फळी. जाड प्लायवर ०.८ मिलिमीटरचा सनमायका, चिकटवण्याआधी त्यात दहा बाय दहा अशी शंभर गोल भोकं, वाशरपेक्षा किंचित मोठी. तीन बाजूंनी काठ. मूठभर वाशर टाकायचे, फळी हलवायची, तिरकी करायची. प्रत्येक भोकात एक वाशर बसतो. खोली एकाच्याच जाडीएवढी, त्यामुळे दुसरा त्याच्यावर टिकत नाही, घसरून जातो. रिकामं भोक डोळ्यांना लगेच दिसतं. भरली की पुडीत ओतायची.

ही युक्ती त्यांच्या डोक्यातून निघालेली नाही. त्रावणकोरच्या राज्यात चक्रम नावाचं चांदीचं नाणं चाले, इतकं इवलं की बोटांच्या चिमटीत धरणं मुश्कील. ते मोजायला तिथले सराफ आणि खजिन्यातले कारकून भोकांची लाकडी फळी वापरत. नाण्यांची रास ओतायची, हलवायची, जास्तीची झटकायची. फळी भरली म्हणजे ठरलेला आकडा झाला. औषधांच्या दुकानांत गोळ्या मोजायला त्रिकोणी ताटली असते, तीही याच कुळातली : पहिल्या ओळीत एक, दुसरीत दोन, अशा चौदा ओळी भरल्या की १०५. माझं मत विचाराल तर माणसानं केलेल्या सगळ्या मोजणी यंत्रांत ही फळी सर्वांत प्रामाणिक आहे, कारण ती चुकली तर चूक झाकत नाही, दाखवते.

पुतणी : आणि फळी हलवणार कोण? तीच बाई. दिवसभर. तिच्या खांद्याचं काय?

काका : आज ती एक-दोन-तीन करत मोजते. त्यापेक्षा बरंच की.

पुतणी : बरं आहे, मान्य. पण उद्या एम-सिक्सची ऑर्डर आली की नवी फळी. स्प्रिंग वाशर आला, तो फळीत बसतच नाही नीट. इंचभर लांब स्क्रू आला तर? फळी एका नगाची बायको असते काका, यंत्र सगळ्यांचं असतं.

काका : तुझं यंत्र सगळ्यांचं आहे? वाटीची पट्टी सव्वा मिलिमीटरवर लावलीस ना? एम-सिक्सला ती बदलावी लागणार नाही?

पुतणी : एक स्क्रू फिरवायचा आहे.

काका : आणि फिरवायला विसरलीस तर यंत्र तुला सांगेल?

यावर पुतणीकडे उत्तर नव्हतं. तिनं बाजू बदलली आणि काट्यावर गेली. काट्यानं मोजणं आज सगळ्यात सोपं झालंय. एका नगाचं वजन काढा, ढिगाचं वजन काढा, भागाकार करा. त्यासाठीचे काटे बाजारात मिळतात, आणि लोडसेल व एचएक्स७११ची चिप आणून घरीही करता येतात. एम-फोरचा पोलादी वाशर साधारण ०.३ ग्रॅमचा, शंभर म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा स्वस्त आहे. मग किरण कशाला आणि फळी तरी कशाला?

काका : काटा मलाही आवडतो. पण त्याला आधी एका वाशरचं वजन सांगावं लागतं. ते तू कसं काढशील?

पुतणी : दहा ठेवीन, दहानं भागीन.

काका : दहांचं वजन तीन ग्रॅम. काटा ०.०१चा असला तर ठीक. पण बहुतेक शेडमध्ये ०.१चा असतो. मग त्या तीन ग्रॅममध्ये ०.०५पर्यंत चूक लपते. ती चूक शंभराला दहापट होऊन बसते : अर्धा ग्रॅम, म्हणजे दीड वाशर. हजाराला पंधरा. शंभर ठेवून भाग, मग चूक दहापट कमी. आणि ते शंभर कशानं मोजणार?

पुतणी : फळीनं. कळलं, काका. पण तुमच्या काट्यात याहून मोठं भोक आहे. वाशर पत्र्यातून ठोकतात. पत्र्याचं नवं कॉइल लागलं आणि ते समजा दोन टक्के जाड निघालं, तर शंभर वाशर एकशे दोन वाटतात. काटा चुकलेला नाही, तुम्हीही चुकलेला नाहीत, आकडा मात्र दोननं खोटा. म्हणजे पुडीत अठ्ठ्याण्णवच जातील, आणि प्रत्येक पुडीत अठ्ठ्याण्णवच. माझा किरण कधी एक जास्त म्हणेल, कधी एक कमी. काटा सगळ्या पुड्या एकाच बाजूला चुकवेल.

इथे मात्र पुतणीचं पारडं जड झालं, आणि हा मुद्दा इतका महत्त्वाचा आहे की त्यावर जरा थांबायला हवं. सुट्या नगांमधला फरक इकडेतिकडे असतो, एक हलका तर एक जड. शंभरांत ते फरक बरेचसे एकमेकांना खातात. प्रत्येक वाशरमध्ये पाच टक्क्यांचा असा स्वैर फरक धरला तरी शंभरांच्या वजनात अर्ध्या वाशरचाच गोंधळ होतो. पण फरक सगळ्यांमध्ये एकाच दिशेचा असेल, म्हणजे कॉइलच जाड असेल, तर तो कुणाला खात नाही, बेरजेत चढत जातो. तपासणीतली माणसं म्हणूनच लॉट बदलला की सगळं नव्यानं सुरू करतात. काकांनी कित्येक वर्षं आयएस २५००च्या तक्त्यांवरून नमुने काढले. लॉट केवढा, तर नग किती काढायचे, त्यात किती खराब निघाले तर लॉट परत, हे सगळं त्या मानकात ठरलेलं. नमुन्यावरून ढिगाबद्दल बोलायचं तर ढीग एकाच जातीचा हवा, ही अट त्यांच्या रक्तात मुरलेली.

काका : ऋतुपर्णाची गोष्ट ठाऊक आहे ना?

पुतणी : नल-दमयंतीतली?

काका : तीच. अयोध्येचा राजा ऋतुपर्ण विदर्भाला निघालाय, रथ हाकतोय बाहुक, म्हणजे वेश बदललेला नल. वाटेत बेहड्याचं झाड. राजा चालत्या रथातून सांगतो, या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि दोन हजार पंच्याण्णव फळं आहेत. नल म्हणतो, मी मोजल्याशिवाय मानणार नाही.

पुतणी : आणि रथ थांबवतो, झाड तोडतो, मोजतो. आकडा बरोबर निघतो. म्हणजे काका, तुम्ही ऋतुपर्ण, मी नल.

काका : उलट! मी नल. विश्वास ठेवायचा नाही, मोजून बघायचं. पण बघ, त्यासाठी नलाला झाडच तोडावं लागलं. हातानं एकेक मोजायची किंमत तीच.

पुतणी : मग निदान तुम्ही झाडं तोडणं थांबवा.

(अयोध्येहून विदर्भाला जाणारी वाट आमच्या जबलपुरावरूनच गेली असणार, असं मानायला इथली मराठी माणसं मोकळी आहेत. वाराणसीहून नागपूरकडे जाणारा जुना सात नंबरचा राष्ट्रीय महामार्ग तरी इथूनच जायचा. बेहडेही इथल्या जंगलात पुष्कळ.)

ऋतुपर्णाला नमुन्यावरून मोजण्याची विद्या होती असं मानलं, तर नलानं जे केलं ते त्या विद्येची तपासणी. कथेत पुढे दोघं विद्यांची अदलाबदल करतात, राजा फाशांचं रहस्य देतो, नल घोड्यांचं. वाशरांच्या भांडणातही काही वेगळं घडू नये असं वाटत असतानाच पुतणीनं एकदम रक्त काढलं. म्हणजे रक्ततपासणीचं उदाहरण.

पुतणी : तुमचा दर सहा महिन्यांनी सीबीसी होतो ना? लाल पेशी कोण मोजतं? पूर्वी काचेवर चौकटी आखून सूक्ष्मदर्शकातून माणूस मोजायचा, म्हणजे तुमची फळीच. वॉलेस कूल्टर नावाच्या माणसानं शिकागोत घराच्या तळघरात यंत्र केलं. एक बारीक छिद्र, त्यातून मिठाच्या पाण्यात सोडलेलं रक्त ओढायचं, दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड. पेशी छिद्रातून गेली की विजेला अडथळा होतो, एक नग मोजला. पहिलं छिद्र कशात पाडलं ठाऊक आहे? सिगारेटच्या पाकिटावरच्या सेलोफेनमध्ये, गरम सुईनं. १९५३ साली पेटंट मिळालं. घरगुती यंत्रच होतं की!

काका : आणि दोन पेशी एकदम गेल्या तर?

पुतणी : एकच मोजली जाते.

काका : झालं!

पुतणी : झालं नाही. त्याला माहीत होतं की असं होणार. म्हणून रक्त भरपूर पातळ करायचं, पेशी विरळ करायच्या. तरी ज्या जोड्या जातील त्या किती असतील, याचा हिशेब मांडून आकडा दुरुस्त करायचा. चूक शून्य करता आली नाही, तर चूक किती आहे हे मोजता आलं. बास आहे की! तुमच्या हिमोग्लोबिनशेजारचा तो लाखांतला आकडा तुम्ही मुकाट्यानं मानता, आणि माझ्या शंभर वाशरांना मात्र अग्निपरीक्षा.

काका : कारण पेशी पाच हजार इकडेतिकडे झाल्या तर डॉक्टर औषध बदलत नाही. जिथे दारूगोळ्याची जुळणी होते, तिथे शंभर वाशर दिले, नव्व्याण्णव लागले, तर शंभरावा कुठे आहे ते कळेपर्यंत लाइन उभी. तो जमिनीवर पडला असेल तर हरकत नाही. आत राहिला असेल तर?

पुतणी : माझी पुडी तिथे जात नाही काका. माझी पुडी हार्डवेअरच्या दुकानात जाते. तिथे एक वाशर कमी निघाला तर काय होतं? गिऱ्हाइक कुरकुरतं.

काका : मग यंत्र कशाला करतेस? सैल हातानं दोन जास्त टाक. वाशर स्वस्त आहे.

पुतणी : दोन वाशर स्वस्त आहेत. मोजणारीचा दिवस स्वस्त नाही. तिला सांगून बघा, दिवसभर एकपासून शंभरपर्यंत मोजायचं, परत एकपासून. मध्ये कुणी हाक मारली की आकडा विसरायचा. त्यापेक्षा तिनं यंत्राजवळ बसावं, पुड्या काट्यावर ठेवाव्यात आणि जी पुडी वेगळी दिसेल ती बाजूला काढावी. हेही मोजणंच, पण डोकं वापरून केलेलं.

काका : आणि तिची मजुरी? पुड्यांवर मिळते ना? यंत्र लागल्यावर पुड्या दसपट झाल्या तर भाव तू तेवढाच ठेवशील?

पुतणीनं या प्रश्नाला बगल दिली. मी मात्र तो पुढे ढकलत नाही, कारण छोट्या शेडमधल्या प्रत्येक नव्या यंत्राच्या पोटात हा प्रश्न असतो आणि बहुतेक वेळा तो यंत्र चालू झाल्यावरच विचारला जातो. मोजणारीला पुडीवरच्या मजुरीवरून रोजावर आणायचं असेल तर ते आधी ठरवावं, वाटी थरथरायला लागल्यावर नाही.

बाकी भांडणात माझा निवाडा असा. काकांची फळी आधी करावी. ती एका दुपारचं काम आहे आणि तिच्यावाचून काट्याला शंभराचा खरा नमुना मिळत नाही. नवं कॉइल लागलं की फळीवरचे शंभर काट्यावर ठेवून एका नगाचं वजन नव्यानं नोंदवावं. पुतणीचं यंत्र त्यानंतर करावं, आणि पैसा व वेळ सेन्सरवर न घालवता वाटी, पट्टी आणि घसरगुंडीवर घालवावा. यंत्रातून निघालेली प्रत्येक पुडी काट्यावर जावी. किरणाला चिकटलेली जोडी दिसत नाही पण काट्याला ती ०.३ ग्रॅमनं दिसते. काट्याला जाड कॉइल फसवतं पण किरणाला पत्र्याच्या जाडीशी काही देणंघेणं नाही. दोघांच्या चुकांची कारणं वेगळी आहेत, म्हणून दोघं एकाच वेळी एकाच बाजूला चुकण्याची शक्यता फार कमी. तेच दोन किरण किंवा दोन काटे लावले असते तर ही खात्री मिळाली नसती. आणि दोघांचं जुळलं नाही तर यंत्रानं अंदाज करू नये, थांबावं आणि दिवा लावावा.

काका म्हणतील, यात माझंच खरं ठरलं. पुतणीही तेच म्हणेल.

गोकलपूरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला जी मुलं आहेत त्यांना एक सांगणं आहे. प्रोजेक्टसाठी ट्रॅफिक सिग्नलचं मॉडेल पुन्हा करू नका. रिछाईत जा, कुठल्याही शेडमध्ये विचारा की काय मोजायला सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि त्या नगासाठी वाटी करा. अहवालात यंत्र सेकंदाला किती नग मोजतं हे लिहालच. त्याच्या शेजारी हजार नगांत ते किती वेळा चुकलं आणि कुठल्या बाजूला चुकलं, हाही रकाना भरा.